बोर्ड दुरुस्तीचे टेबल मांडताना

आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेल्या मुलीला घरीच कामाचे टेबल मांडून द्यायचे आहे, त्यासाठी दोन बांगड्या मोडू का, असे एका आईने विचारले. दुकानातून भलीमोठी यादी आली होती. मी म्हटले, बांगड्या राहू द्या. यादीतल्या चार वस्तू आता घ्या, बाकीच्या काम मागेल तेव्हा.

आपल्या वारणा खोऱ्यात काम आहे. दूध संस्थांत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आणि फॅट मोजायची यंत्रे आहेत, घरोघरी इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे आहेत. वळवाच्या विजा कडाडल्या की यांचे बोर्ड जातात. पुष्कळदा दोष एखाद्या कपॅसिटरचा किंवा सुटलेल्या डागाचा असतो.

पैसा घालायचा तो सोल्डरिंग आयर्नमध्ये. दोन-तीनशे रुपयांतले साधे पंचवीस वॅटचे आयर्न वायरी जोडायला ठीक. पण त्याला आपण किती तापलो हे कळत नाही. नुसते ठेवले तर तापतच राहते, जाड तांब्याला टेकवले की गार पडते. मग मुलगी ते दाबून धरते आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलून येते. म्हणून तापमान स्वतः राखणारे, साधारण साठ वॅटचे स्टेशन घ्यावे. नुसते बटण फिरते म्हणून फसू नका. काहींत ते बटण पंख्याच्या रेग्युलेटरसारखे केवळ वीज कमी-जास्त करते. आत तापमानाचा सेन्सर आहे का, हे विचारा. सुटी टोके मिळतात का, हेही विचारा. सुईसारख्या टोकापेक्षा छिन्नीसारखे दोन मिलिमीटरचे टोक जास्त कामाचे, कारण ते उष्णता नीट पोचवते. टोकाला कानस कधीही लावू नये. वरचा लोखंडाचा थर गेला की आतले तांबे सोल्डर खाऊन टाकते.

दुसरी वस्तू सोल्डरची तार आणि फ्लक्स. कल्हईवाला कथील लावण्याआधी भांड्यात नवसागर टाकायचा, ते आठवते? धातूवरची काजळी काढायची, मग कथील धरते. फ्लक्स तेच करतो. मात्र नवसागर किंवा भांड्यांचे तेजाब बोर्डावर नको, तांबे कुरतडले जाते. रोझिनचाच घ्यावा. तार ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाची घेतली तर ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. शिकणाऱ्या हाताला ती सोपी. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर पुरे. जुने सोल्डर शोषून घ्यायला तांब्याची विणलेली पट्टी सोबत घ्यावी.

तिसरा मल्टिमीटर, चौथा भिंगाचा दिवा. यांत फार घासाघीस नको. कोल्हापुरात मनासारखे मिळाले नाही तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळचा बाजार किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे.

गरम हवेचे यंत्र नंतर. पायांची गर्दी असलेल्या आयसी काढायची वेळ येऊ लागली की घ्यावे, आणि आधी भंगारातल्या सेट टॉप बॉक्सवर महिनाभर हात बसवावा. सूक्ष्मदर्शक त्याहून पुढे.

आता घरच्या बाया-मुलांचे. टेबलाजवळच्या तीन पिनी सॉकेटला खरे अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. कित्येक घरांत तिसरे भोक नुसतेच असते. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतो. ओढणी मागे बांधलेली बरी. नायलॉनच्या घर्षणाने नाजूक चिप मरते ते वेगळेच.

उठणारा धूर फ्लक्सचा असतो, शिशाचा नव्हे. तरी दम्याच्या माणसाला तो त्रास देतो, म्हणून खिडकी उघडी आणि छोटा पंखा धूर बाहेर ओढणारा. शिसे पोटात जाते ते हातावाटे. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कपही उचलायचा नाही. रांगते मूल त्या खोलीत नको आणि घरात कोणी गरोदर असेल तर टेबल वेगळ्या खोलीत मांडा.

यादीत सोल्डर पेस्टही होती. ती थंड ठेवावी लागते, पण दूध-दह्याच्या फ्रिजमध्ये शिशाची डबी नको. सध्या घेऊच नका, तारेवर भागते.