विमानाची तारीख बदलायची, तर दंड किती आणि कशाचा?

पाटण : तालुक्याला विमानतळ जवळ नाही. कराडला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान उतरत नाही. कोल्हापूर नाहीतर पुणे गाठावं लागतं. तरी विमानाचं तिकीट आता गावागावात निघतं. ढेबेवाडी, तारळे, मोरगिरी भागातले जवान सीमेवरून रजेला येतात, काही पोरं आखातात कामाला आहेत. रजा चार दिवस पुढं गेली की तारीख बदला आणि दंड भरा. देशातल्या तिकिटाला हा दंड बऱ्याचदा तीन हजारांच्या आसपास जातो, वर नव्या तारखेच्या भाड्याचा फरक वेगळा.

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं मोठ्या संख्येनं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि कंपनीचं नियोजन कोलमडलं. सरकारनं भाड्याला मर्यादा घातली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये. कंपनीनं 5 ते 15 डिसेंबरच्या प्रवासाला तारीख बदलण्याचं आणि रद्द करण्याचं शुल्क माफ केलं. म्हणजे देशभर बोभाटा झाला की माफी मिळते. एकट्या जवानाची रजा रद्द झाली, तर त्याला कोण विचारतो?

तरीही नियमात थोडी जागा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) 2025 मधल्या नियमाप्रमाणं तिकीट काढल्यापासून 24 तासांत ते रद्द करता किंवा बदलता येत होतं, शुल्क नव्हतं. मात्र प्रवास किमान सात दिवस लांब असावा आणि तिकीट थेट कंपनीच्या वेबसाइटवरून काढलेलं असावं, अशी अट होती. भाड्यातला फरक मात्र भरावाच लागतो. नोव्हेंबर 2025 मध्ये काढलेल्या मसुद्यात ही मुदत 48 तास करण्याचं सुचवलं होतं, तसंच थेट काढलेल्या तिकिटावरची नावातली चूक 24 तासांत फुकट दुरुस्त करावी, असंही. आधार कार्डावर एक नाव आणि तिकिटावर दुसरं, हा घोळ आपल्याकडं नवा नाही.

दुसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. विमानतळाचे आकार आणि सरकारी कर परत द्यावेच लागतात, विमान चुकलं तरी. समजा तिकीट 4,000 चं आणि त्यात असे आकार-कर 900 रुपये. बदलायला 3,000 शुल्क आणि 1,500 फरक, म्हणजे 4,500 जाणार. त्याच नव्या तारखेचं तिकीट दुसऱ्या कंपनीकडं 5,000 ला मिळत असेल, तर जुनं रद्द करून 900 परत घ्यावेत. नवं 4,100 ला पडलं. बदलापेक्षा चारशे वाचले. हा हिशेब कुणी सांगत नाही, कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात.

विमान कंपनीनंच रद्द केलं, तर प्रवाशाला दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे यातलं एक निवडता येतं. तिथं बदलाचं शुल्क मागितलं तर देऊ नये.

कराडच्या एजंटाकडून तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकायला लावा. एजंटाचा नंबर असला की विमान बदलल्याचा निरोप त्याच्याकडंच जातो, आणि त्याची फी सहसा परत येत नाही. पैसे अडले तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. पीएनआर आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.