रजा तीन आठवड्यांची, लग्न जन्माचे



मुलगा अमेरिकेत नोकरीला, रजा तीन आठवड्यांची. तेवढ्यात मुलगी पाहायची, हॉल, आहेर, मुहूर्त सारे उरकायचे आणि परतीचे विमान गाठायचे. 'परदेशचे स्थळ' म्हटले की घरच्यांना चौकशी करायचीही भीड पडते. या घाईची किंमत मोजते ती मुलगी.

विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) लग्न करायचे तर नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते. रजेत ते बसत नाही, म्हणून विधी उरकतात आणि नोंदणी 'मग बघू' म्हणत राहून जाते. महाराष्ट्रात मात्र १९९८ च्या कायद्याने ९० दिवसांत विवाहनोंदणी बंधनकारक आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्वच विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले. नवरा तिकडे जाऊन 'लग्न झालेच नाही' म्हणू लागला, तर हाच दाखला कामी येतो.

तिकडे एच-४ व्हिसावर बायकोचा मुक्कामही नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून. नोकरीची परवानगी २०१५ पासून मिळते, तीही काहीजणींनाच. कमावती मुलगी एका दिवसात आश्रित होते.

म्हणून गटागटांत हे बोलले गेले पाहिजे. नोकरीचा पुरावा, व्हिसाचा प्रकार, आधीचे लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा, हे मुलीने स्वतः मागावे. नवरा विमानात बसण्याआधी नोंदणीचा दाखला हातात हवा, प्रती माहेरी हव्यात. रजा पुरत नसेल तर लग्न पुढच्या रजेत करा. थांबण्यात कसली आली नामुष्की?