प्रजाती वाचली, पण वाण?

आर्क्टिक महासागरातल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, लाँगयरब्येन गावाजवळच्या एका डोंगराच्या पोटात जगाच्या शेतीची तिजोरी आहे. २००८ साली सुरू झालेल्या या जागतिक बियाणे कोठारात आज दहा लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात जपलेले आहेत. त्यांत एकट्या भाताचे लाखाहून अधिक नमुने आहेत आणि गव्हाचेही तसेच. भात ही एक प्रजाती वाचवायची, एवढाच हेतू असता तर पोतेभर साळी पुरली असती. तरीही एवढा खटाटोप केला गेला, कारण भात म्हणजे एक वाण नव्हे, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. एक वाण पाण्याखाली तग धरते, दुसरे करप्याला दाद देत नाही, तिसरे कमी पावसावरही पोसवते. उद्याचे संकट कोणते असेल हे आज कळत नाही, म्हणून सगळीच वाणे राखायची. डोंगराच्या आत आपण हा नियम काटेकोरपणे पाळतो. त्याच डोंगराच्या दाराबाहेर, वाऱ्याला चुकवत जमिनीलगत वाढणाऱ्या रानवनस्पतींना मात्र तो लावत नाही. त्यांच्याबाबतीत ‘प्रजाती अजून आहे ना?’ एवढे विचारून आपण यादीत खूण करतो आणि पुढे जातो. दूरच्या, थंड बेटांच्या बाबतीत हा हिशेब अपुराच नाही, तर फसवा आहे, असे माझे म्हणणे आहे. तिथे प्रजातीच्या आत किती जनुकीय विविधता उरली आहे हे मोजल्याशिवाय काय वाचले आणि काय गेले, हे सांगताच येत नाही.

असे म्हणण्याचे पहिले कारण त्या बेटांच्या घडणीतच आहे. स्वालबार्डचा निम्म्याहून अधिक भूभाग आजही बर्फाखाली आहे आणि तिथल्या मूळच्या फुलझाडांच्या व नेच्यांच्या प्रजाती मिळून दोनशेही भरत नाहीत. उष्ण प्रदेशातल्या जंगलात एखादे झाड कमी झाले, तर त्याची जागा घ्यायला दहा प्रजाती टपलेल्या असतात. थंड बेटावर राखीव फळी नसते. उतारावरची माती धरून ठेवणारी किंवा रेनडिअरला चारा देणारी वनस्पती एखाददुसरीच असते. हवामान बदलले तर त्या थोड्या प्रजातींनाच बदलावे लागते, आणि बदलायचे भांडवल त्यांच्या आतल्या विविधतेतच असते. दुसरे कारण इतिहासाचे आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, हा जवळजवळ सगळा प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली होता. म्हणजे आज तिथे दिसणाऱ्या बहुतेक वनस्पती त्यानंतर समुद्र ओलांडून आल्या. समुद्रापलीकडून येते ते मूठभर बी, आणि त्या मुठीत मूळ वस्तीची सगळी विविधता कधीच मावत नाही. दूरच्या बेटावरची वस्ती अशी जन्मतःच कमी शिदोरीवर उभी असते.

ही शिदोरी नेमकी किती, याचा शोध नॉर्वेच्या इंगर ग्रेव्ह आल्सोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. २००७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. नऊ प्रजातींचे ४,४३९ नमुने तपासून, त्यांच्या डीएनएतल्या खुणा जुळवून, स्वालबार्डवरची झाडे कुठून आली हे त्यांनी ताडून पाहिले. उत्तर अनपेक्षित होते. एखादे भाग्यवान बी एकदाच येऊन पोहोचले, असे घडले नव्हते. बिया पुन्हा पुन्हा आल्या होत्या. सर्वाधिक वायव्य रशियातून आल्या, काही ग्रीनलंडहून, काही स्कँडिनेव्हियातून. वारा, पक्षी, वाहून येणारी लाकडे आणि तरंगता सागरी बर्फ ही त्यांची वाहने असावीत. पण त्याच संशोधनात दुसरी गोष्टही दिसली. ज्या प्रजातींना जास्त ऊब लागते, त्यांची जनुकीय विविधता बेटावर येताना अधिक घटली होती. ज्यांना थंडी मानवते, त्यांची कमी घटली होती. म्हणजे बी पोहोचणे ही मोठी अडचण नव्हती. खरी अडचण होती ती पोहोचलेले बी रुजण्याची.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. बिया पुन्हा पुन्हा येतच असतील, तर हरवलेली विविधता आपोआप भरून निघेल, मग चिंता कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. आइसलँडच्या दक्षिणेला १९६३ साली ज्वालामुखीच्या उद्रेकातून सुर्टसे हे बेट समुद्रातून वर आले. दोनच वर्षांत तिथे पहिली वनस्पती उगवली. तिथल्या वाळूवर पसरणाऱ्या होंकेन्या या वनस्पतीच्या डीएनएची तपासणी झाली, तेव्हा तिचे बी एकाहून अधिक ठिकाणांहून आल्याचे आणि तिच्यात चांगली विविधता असल्याचे दिसले. पण सुर्टसे आइसलँडच्या किनाऱ्यापासून जेमतेम ३२ किलोमीटरवर आहे. स्वालबार्डचे अंतर शेकडो किलोमीटरांचे आहे आणि तिथली ये-जा हजारो वर्षांच्या हिशेबाने झाली आहे. आजचा बदल दशकांच्या हिशेबाने होतो आहे. शिवाय वाहनेही बदलत आहेत. सायबेरियातल्या नद्यांतली लाकडे सागरी बर्फात अडकून स्वालबार्डच्या किनाऱ्याला लागतात. तो बर्फच आक्रसत चालला, तर नुसत्या पाण्यावर लाकूड फार काळ तरंगत नाही, वाटेतच बुडते. आणि मुख्य म्हणजे, ऊब वाढल्याने बी रुजणे सोपे होईल हे खरे मानले, तरी जिथून ते यायचे त्या वस्त्याही त्याच उबेने आक्रसू शकतात. विहिरीला झरे आहेत म्हणून पाणी कितीही उपसावे, असे होत नाही. झरे जिथून येतात, तेही राखावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो जाणकारांकडून येतो. थंड बेटांवरच्या कित्येक वनस्पती कमी विविधतेवरच हजारो वर्षे जगल्या, मग तिला एवढे महत्त्व का द्यायचे? त्यामागची कारणेही ठाऊक आहेत. यांतल्या अनेक वनस्पती स्वपरागणाने बी धरतात. एकटे बी रुजले तरी वंश चालतो, जोडीदार किंवा कीटक लागत नाही. दक्षिणेकडच्या केर्गेलेन बेटांवरचा, पूर्वी खलाशांना स्कर्व्हीपासून वाचवणारा केर्गेलेन कोबी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आर्क्टिकमध्ये बहुगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाहून अधिक संच असलेल्या वनस्पतींचे प्रमाणही मोठे आहे. आईबापांकडून आलेली वेगवेगळी जनुके त्या एकाच देहात बांधून ठेवतात. या युक्त्या खऱ्या आहेत, पण त्या परिस्थिती कठोर आणि बरीचशी ठरावीक असताना उपयोगी पडल्या. परिस्थितीच पालटते तेव्हा काय होते, हे ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटाने दाखवले आहे. १२८ चौरस किलोमीटरच्या या बेटावर अझोरेला मॅक्वारिएन्सिस ही उशीसारखी गच्च वाढणारी वनस्पती आहे. ती जगात इतरत्र कुठेही नाही. २००८ च्या अखेरीस तिची झाडे पठारावर मोठ्या प्रमाणात वाळताना आढळली आणि २०१० साली ती अतिसंकटग्रस्त जाहीर झाली. वाढत्या वाऱ्याने आणि कोरडेपणाने झाडे आधी खचली, मग रोगाने गाठली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. या प्रजातीला बाहेरून बी येण्याची आशाच नाही. तिच्यातले कोरडेपणा सोसणारे वाण तिच्याच पठारावर कुठे उरले असेल तर असेल. ते आधी ओळखून राखणे हाच उपाय उरतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: विविधता कमी पडते, तर दुसरीकडचे बी आणून पेरावे. पिकांत आपण हेच करतो. पण पीक दरवर्षी माणूस पेरतो, निंदतो, निवडतो. बेटावर एकदा सोडलेले बी परत बोलावता येत नाही. माणसाबरोबर काय काय येते, याची तर अजून पुरती मोजदादही झालेली नाही. स्वालबार्डच्या विमानतळावर २५९ प्रवाशांचे बूट तपासले, तेव्हा त्यांतून हजाराहून अधिक बिया निघाल्या होत्या. अशा अनाहूत बियांना अडवायचे आणि त्याच वेळी आपण हवे ते बी नेऊन टाकायचे, हे दोन्ही एकत्र चालवायचे तर स्थानिक विविधतेची नोंद आधी हातात हवी. नोंदीशिवाय केलेली मदत म्हणजे अंधारात केलेली शस्त्रक्रिया.

म्हणून मागणी साधी आहे. संकटग्रस्त वनस्पतींच्या याद्यांत प्रजातीच्या नावापुढे तिच्या वस्त्यांची जनुकीय स्थितीही लिहावी. बी साठवायचे तर एकाच सोयीच्या उतारावरून न गोळा करता बेटाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, वेगवेगळ्या उंचीवरून गोळा करावे. काही वर्षांनी हीच मोजणी पुन्हा करावी, कारण प्रजाती नाहीशी होण्याच्या कितीतरी आधी तिच्यातली वाणे गळून गेलेली असतात आणि ती गळती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला हा विषय परका मानण्याचे कारण नाही. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत स्वालबार्डच्याच न्यू-ऑलसुंड इथे ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र २००८ पासून चालते. ज्या देशाच्या शेतकऱ्यांनी भाताची हजारो वाणे घडवली, त्या देशाने तिथे हा आग्रह धरणे शोभून दिसेल. कोठारातले बी थंडीत थिजलेले असते, ते शिकत नाही. दाराबाहेरच्या उतारावरचे बी मात्र दर उन्हाळ्यात बदलत्या जगाशी जुळवून घ्यायला शिकत असते. त्याला शिकता येईल एवढी विविधता त्याच्या पदरात राहू देणे, हे आपले काम आहे.