धर्म नव्हे, धीर विचारा
खरे बोलणाऱ्याचा धर्म आधी विचारला जातो, तेव्हा मला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. निवड जाहीर होताच धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, धमक्याही आल्या. ज्याने आयुष्यभर मराठीत लिहिले, ‘सुवार्ता’ मासिक सांभाळले, ‘सुबोध बायबल’ लिहून साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला, त्याला मराठीपणाचा दाखला मागितला गेला! पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले फादर व्हीलचेअरवरून संमेलनाला आले. दोन गोड शब्द बोलून सुटका करून घेता आली असती. ते झुंडशाहीवर आणि आविष्कारस्वातंत्र्यावर बोलले. वसईची हिरवाई वाचवायला गुंडगिरीपुढे उभा राहिलेला हा माणूस मंडपात गप्प कसा बसेल? विरोधकांबद्दल मात्र त्यांच्या मनात कडवटपणा नव्हता. मला यातच ख्रिस्ती श्रद्धेची कसोटी दिसते: सत्य सोडायचे नाही आणि समोरच्यावरची मायाही आटू द्यायची नाही. 25 जुलै 2024 रोजी फादर गेले. अल्पसंख्याकाने जपून बोलावे, असा सल्ला आजही दिला जातो. जपायचेच असेल, तर आपण सगळ्यांनी त्यांचा तो धीर जपू या.