यंत्राची रोजनिशी आणि माझी सही



आज जरा वेगळ्याच विषयावर लिहितोय. सारी नोकरी मराठी आणि भूगोल शिकवण्यात गेलेल्या माणसाने सर्व्हरवर लिहावं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं काहींना वाटेल. वाटू द्या. या प्रकरणात एका कागदावर माझी सही आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी वर्धा जिल्ह्यातल्याच एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर होतो. (नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.) ठेवीदार म्हणजे माझेच जुने विद्यार्थी, त्यांच्या आया, भाजीच्या गाड्या लावणाऱ्या बाया. या सगळ्यांचे हिशेब मागच्या खोलीतल्या एका सर्व्हरमध्ये. समोरच्या हॉलमध्ये कूलर, मागच्या खोलीत नुसता छताचा पंखा. पलीकडे रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे जिनिंग.

२०२३ च्या मे महिन्यात एका दुपारी पावणेतीनच्या सुमारास तो सर्व्हर बंद पडला. दैनिक ठेवीच्या २३ पावत्यांच्या नोंदी अर्धवट राहिल्या. जेवणाची सुट्टी होती आणि कार्यालयात एकटा लिपिक हजर होता. कंत्राटी पोरगा, वय पंचवीसच्या आत. मोबाइल चार्ज करायला यानेच वायर काढली असणार, असं कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, पावत्यांत काही घोळ असेल, तो लपवायला मुद्दाम बंद केलं असेल. दुसऱ्या दिवशी ‘कारणे दाखवा’ नोटीस निघाली, महिन्याचा पगार अडवला गेला. नोटिशीवर तीन संचालकांच्या सह्या होत्या. त्यातली एक माझी.

लग्नसराईचे दिवस होते. माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. तो पुण्यात असल्या यंत्रांचीच देखभाल करतो. पाया पडायला घरी आला तेव्हा मी सहज हा किस्सा सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, “सर, यंत्राचं लॉग पाहिलं का कोणी?”

मी विचारलं, “म्हणजे?”

“सर, तुम्ही टाचणवही ठेवत होते ना? तसं ते पण ठेवतं.”

संध्याकाळी आम्ही दोघे कार्यालयात गेलो आणि तिथे मला जे कळलं ते असं. सर्व्हरच्या मुख्य बोर्डावर एक छोटा वेगळा संगणक बसवलेला असतो. मोठं यंत्र बंद असलं तरी वायरमध्ये वीज आहे तोवर हा जागा असतो. पंखा मिनिटाला किती फेरे घेतोय, आत येणारी हवा किती गरम आहे, विजेचा दाब किती आहे, मेमरी चुकतेय का, यावर तो नजर ठेवतो आणि मर्यादा ओलांडली की नोंद करतो. हे काम सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत एकाच पद्धतीने व्हावं म्हणून इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये ‘आयपीएमआय’ नावाचे नियम ठरवले. नोंदवही मात्र फार छोटी. प्रत्येक नोंद फक्त १६ बाइटची आणि नोंदींची संख्या ठरलेली. वही भरली की पुष्कळ यंत्रं नवीन नोंद घेणंच थांबवतात!

आमच्या यंत्रात ५१२ नोंदींची जागा होती आणि चारशेच्या वर भरल्या होत्या. कशाने? तर आपल्याकडची वीज! दर वेळी लाइन गेली की ‘वीज गेली’, आली की ‘वीज आली’. भारनियमनाच्या नोंदींनी वही भरत आणलेली. आणखी एखादा पावसाळा गेला असता तर पुढचं काहीच लिहिलं गेलं नसतं.

पण नशीब, जागा होती. बंद पडण्याच्या अकरा दिवस आधी पहिली नोंद होती : दोन नंबरचा पंखा मंद. मग रोज दुपारी तीच नोंद. मग पंखा थांबला. मग आत येणाऱ्या हवेचा इशारा. (अशा यंत्रांसाठी आत येणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी ‘ॲशरे’ या अमेरिकी अभियंता संस्थेची शिफारस आहे. आमची होती ४३!) आणि शेवटची नोंद : प्रोसेसर धोक्याच्या पलीकडे तापला, यंत्र स्वतःहून बंद. बटण दाबून बंद केलं असतं तर वेगळी नोंद पडली असती, आणि वायर काढली असती तर ‘वीज गेली’ अशी पडली असती. त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, झालं, पोरगा सुटला. पण दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत एकाने बरोबर शंका काढली. शेवटच्या नोंदीची वेळ होती सकाळी ९ वाजून १२ मिनिटं. “साडेदहाला ऑफिस उघडतं. सव्वानऊला यंत्र बंद पडलं असेल तर पावणेतीनपर्यंत पावत्या कशा निघाल्या? नोंदच खोटी आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो.

विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, “सर, त्या छोट्या संगणकाचं घड्याळ वेगळं असतं. तुमचं ग्रीनिचच्या वेळेवर आहे. साडेपाच तास मिळवा.”

नऊ बारा अधिक साडेपाच तास. दोन बेचाळीस!

मंडळी, ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्त आणि साडेपाच तासांचा फरक फळ्यावर काढण्यात माझा जन्म गेला. आणि तो फरक समोर आला तेव्हा मला ओळखू आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

नोटीस मागे घेतली. पगार दिला. यंत्र उघडलं तेव्हा पंख्याच्या तोंडाशी कापसाच्या तंतूंची बोटभर जाड गादी निघाली. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंग चालते आणि खिडकी उघडी. पंखा मंद झाला हे यंत्राने लिहिलं होतं. का झाला, ते त्याला कुठून कळणार? ते पाहायला माणूसच लागला.

त्यानंतर मी हट्ट धरून विद्यार्थ्याकडून एक सर्व्हिस सुरू करून घेतली. संगणकात मागे गुपचूप चालत राहणाऱ्या अशा कामगाराला ‘डीमन’ म्हणतात. शब्द ऐकून मी दचकलो, पण तो भुताखेतांचा नव्हे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संगणकवाल्यांनी हे नाव घेतलं ते मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतल्या, रेणू निवडत बसणाऱ्या छोट्या पहारेकऱ्यावरून. मला विचाराल तर ‘कोतवाल’ हे नाव त्याला जास्त शोभलं असतं. गाव झोपलेलं असताना गस्त घालणारा.

आमच्या कोतवालाचं काम सोपं आहे. ती छोटी वही तो सतत वाचतो, नवी नोंद दिसली की यंत्राच्या मोठ्या नोंदवहीत उतरवतो आणि छोटी वही किती टक्के भरली तेही सांगतो. तिथून ती नोंद दुसऱ्या संगणकावर जाते, म्हणजे यंत्र जळालं तरी कारण शिल्लक राहतं. मेमरीच्या चुका टिपणारा त्याचा एक भाऊ आहे, त्याचं नाव ‘रासडीमन’.

मेमरी कसली चुकतेय, असं वाटेल. मलाही वाटलं. पण २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्खारबेक इथल्या निवडणुकीत एका उमेदवाराला संगणकाने ४०९६ मतं जास्त दिली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. मेमरीतला एकच बिट शून्याचा एक झाला होता. मतं शक्यतेपेक्षा जास्त दिसली म्हणून पकडलं गेलं. गूगलच्या यंत्रांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत मेमरीची निदान एक तरी दुरुस्त होणारी चूक आढळली. सर्व्हरची चांगली मेमरी एका बिटाची चूक स्वतः सुधारते आणि नोंद पाठवते. ती नोंद कोणी वाचली तर पट्टी वेळेत बदलता येते. नाहीतर एक दिवस सुधारता न येणारी चूक होते. ती भाजीवालीच्या पासबुकात झाली तर?

आता माझं म्हणणं. यंत्र लिहितं, पण वाचत कोणी नाही, हा खरा रोग आहे. शाळेत शेरेबुक असायचं. साहेब शेरा लिहून जायचे, मुख्याध्यापक सही करायचे, आणि पुढच्या वर्षी तोच शेरा पुन्हा! आमच्या सर्व्हरचंही तेच झालं. अकरा दिवस तो लिहीत होता आणि आम्ही वाचलं ते तो पडल्यावर. वरातीमागून घोडं.

म्हणून पतसंस्था असो, शाळा असो की ग्रामपंचायत, जिथे लोकांचा पैसा किंवा दाखले यंत्रात आहेत तिथे ही सर्व्हिस चालू असावी. ती फुकट मिळते. नोंदी दुसऱ्या यंत्रावर जाव्यात, छोटी वही नक्कल ठेवून रिकामी करावी, घड्याळ बरोबर असावं. आणि मुख्य म्हणजे दर सोमवारी ती कोण वाचणार त्याचं नाव कागदावर असावं. वाचून सही करावी.

काही जण म्हणतात, इशारे इतके येतात की माणूस कंटाळतो. खरं आहे. आमच्याकडेही पहिल्या महिन्यात ‘वीज गेली’च्या नोंदींचा पाऊस पडला. मग त्या वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या आठवड्याला दोन-चार राहिल्या. तेवढं वाचायला पाच मिनिटं पुरतात.

आमच्या जिल्ह्याला हे परकं नसावं. महादेवभाई देसाई १९१७ पासून १९४२ पर्यंत गांधीजींच्या मागे राहून रोज नोंदी लिहीत राहिले, त्यातली शेवटची वर्षं इथेच, मगनवाडी आणि सेवाग्रामात. मागे राहून लिहिणाऱ्याची किंमत आपल्याला कळायला हवी होती.

असो. शेवटचं सांगून थांबतो. नोटीस मागे घेतल्यावर मी त्या मुलाची माफी मागायला गेलो. तो अवघडून उभा राहिला. म्हणाला, “सर, पंखा आठ दिवसांपासून घरघर करत होता. मी साहेबांना सांगितलं होतं. लिहून नव्हतं दिलं.”

मी म्हणालो, “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाही सर. सहीच केली.”

पुढच्या दिवाळीला तो नोकरी सोडून नागपूरला गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी किती वर्गांना समजावून सांगितली असेल! यंत्राच्या नोंदी वाचायला आता आमच्याकडे सर्व्हिस आहे. पण त्या खोलीत रोज बसणाऱ्या माणसाला आधी विचारायचं, हे आपलं आपल्यालाच करावं लागेल.

तुमच्या संस्थेत ही वही कोण वाचतं? एकदा विचारून पाहा. तूर्तास इतकंच.