नव्या घराचे आडनाव

लुईस एचेवेरिया १९७० ते १९७६ या काळात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष होते. एस्तेबान एचेवेरिया (१८०५–१८५१) हा अर्जेंटिनाचा नामवंत कवी-कथाकार. आडनाव एकच, म्हणून दोघांना एकाच वंशवृक्षावर बसवण्याचा मोह होतो. पण बास्क आडनावांच्या बाबतीत हा मोह टाळलेलाच बरा.

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर पिरेनीज डोंगरांच्या पश्चिम टोकाला बास्क लोक राहतात. त्यांच्या भाषेचा जगातल्या कोणत्याही भाषेशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्या भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवे. गावात कोणी नवे घर बांधले की त्याला हेच नाव पडे आणि त्यात राहणारे एचेबेरिया होत. अशी नवी घरे गावोगाव उठली, त्यामुळे हे आडनावही ठिकठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले.

तिथे माणूस घराच्या नावाने ओळखला जाई. लग्न करून सासरच्या घरात राहायला आलेला जावई पुष्कळदा त्याच घराच्या नावाने ओळखला जाऊ लागे. घर आणि शेत मोडू नये म्हणून वारसा एकाच अपत्याकडे जाई आणि बऱ्याच भागांत ते अपत्य मुलगीही असे. बाकीच्या भावंडांपुढे धर्मसेवा, दर्यावर्दी जीवन किंवा परदेश असे मार्ग असत. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर चर्चच्या नोंदवह्या काटेकोर झाल्या आणि आडनावे हळूहळू पक्की होत गेली.

घरावरून ओळखले जाण्याच्या या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात, बॉम जेझू बासिलिकेत आहे. 'गोंयचो सायब' फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म १५०६ साली नवारमधल्या हाविएरच्या गढीत झाला. वडील हुआन दे हासो, आई मारिया दे आस्पिल्कुएता. हाविएरची गढी आईच्या वारशातली. मुलगा जगात ओळखला गेला तो वडिलांच्या नावाने नव्हे, तर या गढीच्या नावाने. ते नावही मूळचे 'एचेबेरी'च, फक्त सुरुवातीचा स्वर झिजून गेलेले. जुन्या स्पॅनिशमधला 'श'चा उच्चार पुढे 'ह'कडे सरकला. पोर्तुगीजांनी मात्र 'श' जपला. म्हणून गोव्यात 'शाव्हियेर', स्पेनमध्ये 'हाविएर' आणि मुंबईच्या कॉलेजात 'झेवियर'. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले आणि घराचे नाव जगभरच्या मुलांचे पाळण्यातले नाव झाले.

इतर रूपे बोली, लेखन आणि स्थलांतर यांतून घडली. पश्चिमेकडच्या बिस्काया प्रांतात 'बेरी'चे 'बारी' होते, म्हणून एचेबारिया. फ्रान्सच्या बाजूला एचेव्हेरी. कॉड मासळीच्या मागे अटलांटिक ओलांडलेल्यांपैकी काहींचे देचेव्हेरी हे आडनाव सें-प्येर आणि मिकेलॉन या कॅनडाजवळच्या फ्रेंच बेटांवर आजही रुळलेले आहे. मध्य अमेरिकेत चावारिया, कोलंबियात एचेवेरी. एकोणिसाव्या शतकात बास्क तरुणांचे लोंढे अर्जेंटिना आणि उरुग्वेकडे गेले, काही कॅलिफोर्नियात मेंढ्या राखायला पोहोचले. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत बास्क भाषेची गळचेपी झाली. १९७५ साली तो गेल्यावर अनेकांनी 'सी-एच'च्या जागी 'टी-एक्स' हे बास्क लेखन परत घेतले. त्यामुळे एकाच घराण्यात दोन स्पेलिंगे सापडतात.

बिस्कायात जन्मलेला प्रत्येक जण कुलीन मानला जाई. १५२६ च्या तिथल्या कायदेसंहितेने हे मान्य केले होते. अमेरिकेत मानमरातब आणि पदे मिळवताना मूळ घराचा पुरावा कामाला येई, म्हणून घराच्या नावाला आणि त्याच्या कुलचिन्हाला किंमत होती. आज 'एचेवेरिया घराण्याचे' म्हणून जे एकच कुलचिन्ह विकले जाते, ते मात्र निव्वळ दुकानदारी. पूर्वज खरेच शोधायचे असतील तर आधी गाव ठरवावे लागते, मग त्या गावच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळाव्या लागतात आणि गावात नवे घर एकच होते की अनेक, हेही पाहावे लागते.