वजनकाट्यावर मुलगी, आरोपीच्या पिंजऱ्यात आई



गेल्या महिन्यात वस्तीतल्या बैठकीला एक आई आली. चार घरची धुणीभांडी करणारी. तिची सातवीतली मुलगी आठवड्यातून दोन-दोन दिवस शाळा बुडवू लागली होती. कधी पोट दुखतं, कधी डोकं. खोदून विचारल्यावर कळलं, की शाळेत सगळ्यांसमोर वजन केलं, आकडा मोठ्यानं वाचला गेला आणि वर्ग हसला. तेव्हापासून ती मागच्या बाकावर बसते. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. शाळेनं आईला बोलावून सांगितलं, "मुलगी अभ्यासात मागे पडतेय. तिच्या खाण्याकडे लक्ष द्या."

लठ्ठ म्हणजे मठ्ठ, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. पण संशोधन वेगळंच सांगतं. अश्लेषा दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लहान मुलांच्या मोठ्या पाहणीचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध केला. जास्त वजनाच्या मुलांचे गुण कमी दिसत होते खरे. पण घरची परिस्थिती, आईचं शिक्षण अशा गोष्टी हिशेबात धरल्यावर हा फरक बहुतांशी पुसला गेला. त्यांचा 2006 सालचा अभ्यास तर आपण नीट लक्षात ठेवावा असा आहे. बालवाडी ते तिसरी या काळात ज्यांचं वजन प्रमाणाबाहेर गेलं, त्यांच्यातल्या मुलींचे गुण घसरलेले आढळले, मुलग्यांचे नाही. दोष केवळ चरबीचा असता, तर तिनं मुलगा-मुलगी असा भेद कशाला केला असता?

शरीराचा प्रश्न नाहीच, असं आमचं म्हणणं नाही. लठ्ठ मुलांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास अधिक आढळतो. रात्रीची झोप मोडली की वर्गात लक्ष लागत नाही. मूल जोरात घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर त्याला आळशी न म्हणता डॉक्टरांकडे न्यायला हवं. पण चिडवणं, टाळणं, गैरहजेरी आणि शिक्षकांनी मनातून काढून टाकणं यावर कुठलंच औषध नाही. तिथे आपणच बोलायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 3.4 टक्के झालं. त्याच पाहणीत 35.5 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. म्हणजे उपासमार संपलेली नाही आणि वर हा नवा प्रश्न आला आहे. एकाच गल्लीत दोन्ही मुलं भेटतात. आई पहाटे कामावर जाते, पाच रुपयांचं पाकीट कोपऱ्यावर मिळतं आणि खेळायला जागा नाही. त्यातून मुलीला पाळी आली की तिचा खेळ बंद. भाऊ रस्त्यावर क्रिकेट खेळतो, ती दहा बाय दहाच्या खोलीत धाकट्याला सांभाळते. मग वजन वाढलं की दोष कुणाचा? आईचा!

कायदे आहेत. शिक्षण हक्क कायद्यात (2009) शाळेला क्रीडांगण सांगितलं आहे. जादा चरबी, साखर, मिठाचे पदार्थ शाळेत आणि शाळेपासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. आपल्या वस्तीतल्या शाळेबाहेर एकदा उभं राहून पाहा, म्हणजे अंमलबजावणी कळेल.

तेव्हा आपल्या गटांनी शाळेकडे काय मागायचं? वजन आडोशाला घ्या, आकडा फक्त पालकांना सांगा. खेळाचा तास मुलींनाही द्या, तो गणितासाठी कापू नका. नियम शाळेच्या फाटकावर लावा. आणि आपण स्वतःही सांभाळायला हवं. "बारीक हो, नाहीतर लग्न कोण करील?" हे वाक्य आपल्या घरांतही ऐकू येतं. शेवटी आणि सर्वांत कमी जेवण्याची सवय ज्या बायांना लावली गेली, त्यांच्या लेकींना आता आरोग्याच्या नावानं उपाशी ठेवायचं नाही.

त्या शाळेत आम्ही पाचजणी जाऊन आलो. वजन आता वेगळ्या खोलीत होतं. मुलगी रोज शाळेत जाते. हात अजून वर करत नाही. तो वर होईपर्यंत आपलं काम संपलेलं नाही.